नक्कल म्हणणारा माणूस

प्रेम म्हणे नजरानजरेने सुरू होतं. आमचं सुरू झालं तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब होते आणि शेजारच्या खुर्चीवर मला फक्त एक निळा डाग दिसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रांग होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या दिवशी डेव्हलपर कॉन्फरन्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या परिषदेचा, निकाल येणार होता; पाच आठवडे मी त्या मेलची वाट बघत होते.

“अहो, एवढं वाचून दाखवाल का? मला सगळं धुरकट दिसतंय.”

“माझा एक डोळा शाबूत आहे. त्याच्यावर भागवतो,” निळा डाग म्हणाला.

आवाज गोड होता. आधीच कबूल करते, कारण लगेचच मी त्या आवाजावर तुटून पडले.

“‘आपण भाषणाचा प्रस्ताव पाठवल्याबद्दल आभार... खेदाने कळवतो की...’”

“खेद राहू दे. खाली परीक्षकांचे शेरे असतील, ते वाचा.”

“पहिला — ‘विषय उपयोगाचा.’ दुसरा — ‘मांडणी स्पष्ट.’ तिसरा...” तो अडखळला. माझा धीर सुटला, मी फोन ओढून घेतला. तरी त्याने वाक्य पुरं केलं, खालच्या आवाजात. “‘हे भाषण मी मूळ माणसाकडून ऐकलं आहे. ही उघड नक्कल आहे.’”

फोन माझ्या हातात आणि वाक्य त्याला तोंडपाठ. पण ते ध्यानात यायच्या आधीच मी ओरडले, “नक्कल? कोण गाढव आहे हा?”

“...तुमच्या शेजारीच बसलंय.”

नक्कल! कसली नक्कल ते मी त्याला सगळ्या रांगेसमोर ऐकवलं. माझी मावशी पलीकडच्या चौकातल्या इस्पितळात नर्स. तिथलं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. नेटवर्क गेलं की भरलेली नोंद गायब! म्हणून तिथल्या नर्स ताप, नाडी, औषधाची वेळ आधी पेनाने तळहातावर लिहायच्या. स्क्रीनवर कोणाचाच भरवसा नव्हता. मी स्वतःची अकरा दिवसांची रजा घालवून वॉर्डात बसले, ते हात बघितले, आणि नेटवर्क नसतानाही नोंद जपून ठेवणारा भाग लिहिला. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही. जे येतं ते चुका करून आणि त्या निस्तरून आलेलं. आणि हा म्हणतो नक्कल!

“कोणाकडून ऐकलंत तुम्ही हे भाषण?”

“दोन महिन्यांपूर्वी, एका कार्यक्रमात. भारदस्त गृहस्थ. रुपेरी दाढी...”

आयतोबा! आमचा टीम लीड. दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसायची सवय, म्हणून ऑफिसात पाठीमागे हेच नाव. ‘एकदा नजर टाका’ म्हणून मी त्याला स्लाइड्स पाठवल्या होत्या. त्याने नजर टाकली आणि हातही मारला.

“आम्हाला प्रस्ताव नावं झाकून देतात,” तो म्हणाला. “कोणी पाठवलाय हे मला माहीतच—”

“माणूस माहीत नाही आणि चोर ठरवून मोकळे? का, तर तो माईकपुढे उभा होता म्हणून? जो आधी बोलला तो खरा?”

“पुरावा असेल तर मी समितीला—”

“पुरावा मी का देऊ? चोर तू म्हणालास. तूच शोध!”

“‘तू’ म्हणालात मला.”

“चुकून म्हणाले.”

“राहू दे... बरं वाटलं.”

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. जाताना तो दाराच्या चौकटीला धडकला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

चार दिवसांनी मावशीचा फोन. “अगं, तुझ्या ओळखीत कोणी वेडा आहे का? भेटायच्या वेळेत वॉर्डात येऊन बसलाय. पेशंट कोणी नाही त्याचा. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सचे तळहात बघतोय! मोठ्या सिस्टर म्हणाल्या, भविष्य सांगतोस का रे? तर म्हणतो, ‘नाही, झालेली चूक शोधतोय.’ डोकं ठिकाणावर नाही. दिसायला मात्र बरा आहे.”

मी धावत गेले. आता डोळे ठीक होते; निळा डाग पहिल्यांदाच नीट दिसला. मान लांब, चष्मा वाकडा, हातात एक छापील फोटो. आयतोबाच्या स्लाइडमधला: तळहातावर निळ्या शाईतले आकडे आणि अंगठ्याखाली एक जुना व्रण.

मावशीने त्याच्यासमोर मूठ उघडली. “हा घे. सुरीचा व्रण, एकोणीस वर्षांचा. फोटो हिने काढला, माझ्यासमोर. आणखी काही?”

तो त्या हाताकडे बघतच राहिला. “माफ करा,” म्हणाला.

“मला कशाला? तिला म्हण. आणि नुसतं म्हणू नकोस, निस्तर.”

निस्तरायचं तर तक्रार माझ्या नावाने जायला हवी होती. जिन्यात उभं राहून तो म्हणाला, “नोकरीवर येऊ शकतं. दोन दिवस विचार कर.”

“विचार त्याने करायला हवा होता,” मी म्हणाले आणि तिथेच तक्रार पाठवली.

समितीने आयतोबाला एकच प्रश्न विचारला — हा हात कोणाचा? उत्तर आलं, ‘नेटवरून घेतलेला फोटो आहे.’ मावशीच्या हाताचा फोटो माझ्या तक्रारीसोबत होताच; त्याचं खोटं उघडं पडलं आणि माझा प्रस्ताव पुन्हा विचारात घ्यायचं ठरलं. इकडे ऑफिसात माझं टेबल प्रिंटरशेजारी गेलं आणि वॉर्डाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आयतोबा हे नाव घेऊन माझ्याबरोबर खिदळणारे सगळे आता आपापल्या स्क्रीनमध्ये माना घालून बसले. एकानेही तोंड उघडलं नाही.

नक्कल म्हणणारा तो मात्र रोज साडेपाचला आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी उभा असायचा. दोन हातांत दोन कॉफ्या. माझ्या कॉफीत साखर रोज विसरलेली. मग आम्ही चालायचो आणि तो प्रश्न विचारायचा. माझं काम शेवटपर्यंत ऐकून घेणारा पहिला माणूस...

“नेटवर्क नसताना दोन नर्सनी एकच नोंद वेगवेगळी भरली, तर खरं कोणाचं धरायचं?”

“कोणाचंच नाही. दोन्ही ठेवायच्या आणि माणसाला विचारायचं.”

तो चालता चालता थांबला. “मी विचारायला हवं होतं,” म्हणाला.

त्या दिवशी बिनसाखरेची कॉफी मी सगळी प्यायले.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी मेल आला. निवड झाली! अर्धा मिनिट मी हवेत होते. मग डोक्यात तिडीक गेली. ही निवड माझी कुठली, ही तर त्याची मेहेरबानी! तशीच उठले आणि त्याच्या ऑफिसात थडकले. त्याच्या मागे चौघं जण काम करत होते. करू देत.

“तुझ्या उपकाराने मिळालेलं स्टेज मला नको! कळलं? आयतोबाने माझं भाषण घेतलं, तू माझी निवड घेतलीस. फरक काय?”

“मी मत दिलेलं नाही.”

“खोटं!”

“समितीतून बाहेर पडलो मी. आठ दिवस झाले.”

“पळपुट्या! माझ्या बाजूचं एक मत होतं, तेही—”

“अगं, एकाच बाजूने भांड ना! फेरविचाराआधी प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. प्रस्ताव पाठवणाऱ्याशी नातं? नाही लिहिलं. एकाच ऑफिसात? नाही. निष्पक्ष राहायला अडचण येईल असं आणखी काही...?” तो थांबला.

“काय लिहिलंस?”

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. ‘हो. ती बोलायला लागली की मला तिचंच खरं वाटतं. साडेपाच कधी वाजतात, याकडे माझं दिवसभर लक्ष असतं.’

मी दोनदा वाचलं. कान तापले. म्हणजे निवड माझीच होती, निखळ माझी. आणि हे...

“हे किती जणांनी वाचलं?”

“समितीतल्या उरलेल्या सहांनी.”

“सहा जणांना कळलं आणि मी सातवी? माझ्याबद्दलची गोष्ट, आणि मलाच सगळ्यात शेवटी?”

“फॉर्मला मुदत होती...”

“माझीही मुदत आहे! आत्ताच. तोंडाने सांग.”

मागचे कीबोर्ड थांबले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकडाच घातला.

“तू — मला आवडतेस. रागावलेली असतेस तेव्हा जरा जास्तच.”

मी खुर्ची ओढून बसले.

“आणि... तू?” त्याने विचारलं.

“मी पाच वाजल्यापासून खिडकीशी उभी असते,” मी म्हणाले. “रोज. आणि त्याबद्दलही मला तुझाच राग येतो.”