बारा आठवड्यांनंतरचं उत्तर

"पुन्हा रक्त द्यावं लागेल," लॅबच्या खिडकीतला टेक्निशियन म्हणाला.

"का? पहिलं सांडलंत?"

"नाही हो. ते गोठायलाच तयार नाही."

मला हसूच आलं. सुजलेला पाय ओढत मी आले होते ती पोटरीत रक्ताची गुठळी झाल्याच्या संशयाने! त्याने शांतपणे सांगितलं, काहींचं रक्त नळीत उशिरा गोठतं आणि शरीरात भलत्याच जागी लवकर.

डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. पण पक्कं निदान बारा आठवड्यांनी, तपासणी पुन्हा केल्यावरच. तोवर रक्त पातळ करणारी गोळी रोज आणि रक्त पुरेसं पातळ आहे ना ते बघायला दर आठवड्याला तपासणी; आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा.

म्हणजे दर सोमवारी तो टेक्निशियन. मी ग्रंथालयात पुस्तकं बांधते हे कळल्यापासून त्याच्यासाठी मी 'बाइंडरबाई' झाले.

"बाइंडरबाई, आकडा दोन पूर्णांक चार. शहाण्या आहात."

"मग शाबासकी?"

"देतो... चहा चालेल?"

चहाचे सोमवार वाढत गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. नवव्या सोमवारी सुईच्या जागी कापूस दाबून धरत त्याने विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

त्याचं बोट कापसावरून हललं नाही.

"बारा आठवडे होऊ देत," मी म्हटलं.

निदान पक्कं झालं तर जन्मभर गोळ्या. गरोदरपणात रोज इंजेक्शन, तरीही मूल हाती लागेलच असं नाही. त्याची आई एकटी. नातवंडांची वाट बघणारी. मला एक स्वच्छ रिपोर्ट हवा होता. गोळ्यांमुळे ही तपासणी बिघडते, असं कुणीसं म्हणालं होतं. मी कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या.

बाराव्या सोमवारी त्याने यंत्राकडे पाहिलं. चेहरा उतरला.

"एक पूर्णांक एक. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"कसल्या—"

"कधीपासून?"

"सहा दिवस... रिपोर्ट नीट यावा म्हणून."

तो खुर्ची सरकवून उठला. "तुला धाप का लागलीय?"

"जिना चढून आले ना."

"लॅब तळमजल्यावर आहे."

पुढचं तुटक आठवतं. चाकाची खुर्ची, त्याचं धावणं, छातीत खुपसल्यासारखी कळ. स्कॅनमध्ये फुफ्फुसात गुठळी दिसली. तासभर उशीर झाला असता तर मी वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी तो वॉर्डात आला. दाढी वाढलेली.

"रिपोर्ट?"

"पॉझिटिव्ह."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मग आता आईंना काय सांगशील?"

"सांगून झालं. पोरगी मूर्ख आहे म्हटलं."

"आणि मुलांचं?"

"तेही सांगितलं. दुपारभर आई देवापाशी बसून होती. मग म्हणाली, तिला आधी बरी होऊ दे, आणि गोळी चुकवली तर मला फोन कर, मी बघते तिच्याकडे."

हसताना छाती दुखली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच, असं मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

नर्सताईंनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. तो खुर्ची ओढून अगदी जवळ बसला.

"रोज घेशील? आणि... माझं उत्तर?"

मी गोळी गिळली.

"दोन्हीला हो."