कोंबड्या पालीच्याच का मेल्या?

"अकरा!" भूपेश धावत आला. "आज अकरा मेल्या! लंगडीपण गेली!"

"ओरडतोस काय बक्षीस लागल्यासारखा?" शिवांगीने धाकट्या भावाला टपली मारली. पण लंगडी तिची लाडकी कोंबडी होती.

दिवाळीची सुट्टी लागली होती. शिवांगीची वर्गमैत्रीण स्नेहल भाईंदरहून खास पालीला राहायला आली होती. खडकांवर खेकडे पकडायचे, किल्ल्यावर चढायचं, सगळा बेत ठरलेला. बेत गेला खड्ड्यात! सकाळपासून तिघं हाताला पिशव्या बांधून मेलेल्या कोंबड्या गोणीत भरत होती. तुरे जांभळे पडलेले, शेपटीखाली हिरवी घाण.

"तुज्या लशीनं मारल्या माज्या कोंबड्या!" शिवांगीची आई, गोदूबाई, दारातूनच म्हणाली. ओरडून नाही, हळूच. ते जास्त लागलं.

कारण लस शिवांगीच्याच हट्टाने टोचली होती. पालीच्या बायका तीन वर्षं कोंबड्यांच्या पाण्यात जंतू मारायची पिवळी पावडर घालायच्या. रोग असो नसो, रोज! आधी चिमूटभर पुरायची, मग चमचा, मग दोन चमचे. तरी कोंबड्या मरायच्याच. शिवांगीने घरोघरी जाऊन सांगितलं होतं, "जंतूंना औषध रोज पाजलं की ते त्याला सरावतात. मग खऱ्या आजारात औषध लागूच पडत नाही. त्यापेक्षा लस टोचा, रोग होणारच नाही!" गणपतीनंतर लस आली. तेरा बायकांनी पावडर ओतून दिली. आणि आता हे!

तेवढ्यात सरकारी कुक्कुटपालन योजनेचे लवू सर स्कूटरवरून आले. पुढे भलामोठा खोका.

"लस फेल गेली, गोदूबाई," ते स्कूटरवरूनच म्हणाले. "वरून मालच तसा आला, मी काय करणार? पाच वाजता ओट्यावर या सगळ्या. पावडर वाटतो. जुनं ते बरं होतं!"

"सर," स्नेहल पुढे झाली, "हीच लस शेजारच्या डोंगरीलापण दिलीत ना? तिथे किती मेल्या?"

लवू सरांचा हात हँडलवर थबकला. "सुट्टी आहे ना? मग खेळा! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!"

स्कूटर भुर्रकन गेली.

"पाहिलंस?" स्नेहल कुजबुजली. "आकडा सांगितलाच नाही!"

"चला डोंगरीला!" शिवांगी म्हणाली. "पाचच्या आत परत यायचं. एकदा पावडर पाण्यात पडली की माझं कोण ऐकणार?"

डोंगरीला रिक्षातून उतरली आणि तिघं बघतच राहिली. मृणालिनीताईंच्या अंगणात चाळीसेक कोंबड्या ऐटीत फिरत होत्या. एका कोंबड्याने तर भूपेशच्या पायालाच चोच मारली!

"एकही मेली नाही," मृणालिनीताई म्हणाल्या. त्या डोंगरीच्या बायकांच्या गटाचं काम बघायच्या. "लस त्याच दिवशी आली, त्याच खोक्यातली. एक बाटली उरलीय, ही बघा."

बाटली फ्रिजच्या दारात होती, अंड्यांच्या शेजारी. स्नेहलने तिच्यावरचा बॅच नंबर वहीत उतरवला.

"मग आमच्याच कोंबड्यांना नजर लागली का?" भूपेशने विचारलं.

"नजर नाही रे बावळटा!" स्नेहल म्हणाली. "लस तीच, दिवस तोच. मग फरक कुठे पडला? पालीत लस ठेवली कुठे होती?"

भूपेशचा चेहरा उतरला. "कमळाकर काकांकडे... मासळीच्या डीप फ्रीजरमध्ये."

ताईंनी बाटली गार पाण्याच्या डब्यात घालून दिली. डबा मांडीवर धरून तिघं परत निघाली. चूक काकांची निघाली तर? ते शिवांगी-भूपेशचे सख्खे काका होते.

"चार दिस ठेवली होती मी!" कमळाकर काका अभिमानाने म्हणाले. "लवू खोका टाकून गेला, बोलला, थंड जागी ठेव. माज्यापेक्षा थंड जागा पालीत हाय कुनाकडं? तलाला, सुरमईच्या खाली ठेवली. माजा पापलेट महिनाभर ताजा रहाते, मंग लस का नाय रहानार?"

उरलेली बाटली अजून तिथेच होती. दगडासारखी! नंबर? तोच!

स्नेहलने बाटलीवरच्या कागदावरची बारीक अक्षरं डोळे ताणून वाचली. "दोन ते आठ अंशांत ठेवावी. गोठवू नये!"

"ता इंग्रजी हाय ना गो," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मना कोनी सांगितला?"

"माझी आई नर्स आहे, बाळांना लस देते," स्नेहल म्हणाली. "ती म्हणते, अशी लस एकदा गोठली की संपली. आणि ते डोळ्यांनी ओळखता येतं! भूपेश, ही वितळव."

भूपेशने बाटली काखेत धरली आणि पाचपर्यंत "मेलो, मेलो" करत नाचला.

पाच वाजता ओट्यावर सगळ्या बायका जमल्या. लवू सर पावडरची पाकिटं काढणार, एवढ्यात शिवांगीने त्यांच्या खोक्यावरच दोन बाटल्या ठेवल्या.

"ही डोंगरीची. ही पालीची. नंबर एकच आहे, कुणीही बघा! आता दोन्ही जोरात हलवते. अर्धा तास थांबा."

"काय तमाशा आहे हा?" लवू सर उठले.

"बसा सर," गोदूबाई म्हणाली. "माज्या अकरा गेल्या आज. अर्धा तास काय घिऊन बसलाव!"

अर्धा तास लागलाच नाही. डोंगरीची बाटली दुधासारखी पांढरीच राहिली. पालीच्या बाटलीत मात्र कण खाली बसू लागले, फाटलेल्या दुधासारखे. तळाशी गाळ, वर नितळ पाणी.

"लस फेल नव्हती!" शिवांगीचा आवाज फाटला. "आपण गोठवून मारली आणि मग टोचली!"

मागे उभे असलेले कमळाकर काका पुढे आले. "म्हंजे मीच..."

"नाही काका! तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ज्याला इंग्रजी येतं, ज्याचं ते कामच होतं, तो इथे उभा आहे!"

सगळ्या माना लवू सरांकडे वळल्या. सरांनी घाम पुसला. मग त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

"शाबास! काय हुशार मुलं! या, फोटो काढू. वर पाठवतो!"

फोटो निघाला. बायकांनीही पोरांच्या पाठीवरून हात फिरवले.

"सर, नवी लस कधी?" शिवांगीने विचारलं.

"मागणी करू ना."

"कधी येईल?"

"मागच्या वेळी आठ महिने लागले होते," सर मोबाइलमध्ये बघत म्हणाले. पावडरचा खोका ओट्यावरच ठेवून ते निघून गेले. अंधार पडायच्या आत खोका रिकामा झाला होता.

सकाळी शिवांगी उठली तेव्हा गोदूबाई कोंबड्यांच्या पाण्यात पावडर ढवळत होती. तीन चमचे. उरलेल्या नऊ कोंबड्यांपैकी दोन कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या.

"आये! काल तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितला. तू खरी हायस गो पोरी." गोदूबाईने वर बघितलं नाही. "पन लस हाय कुठं?"

दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या दोन्ही कोंबड्या मेल्या, पिवळं पाणी पिऊनच.

संध्याकाळी शिवांगी जाड मार्कर घेऊन कमळाकर काकांच्या डीप फ्रीजरसमोर उभी राहिली. झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहू लागली : लस इथे ठेवू नये. गोठली की मरते.

काका मागे येऊन थांबले. "लस येनार हाय का?"

"न्हाय."

"मंग कशाला लिवतेस?"

शेवटच्या शब्दावरची मात्रा शिवांगीने दोनदा गिरवली.

काकांनी एकेक अक्षर वाचलं. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबास गो," ते म्हणाले. "अक्षर सुंदर हाय तुजा."