कामकस्तुरीचा पाला

सायकलवाल्याने घंटी वाजवली. मी डावीकडे सरकले, तोही नेमका डावीकडेच आला... आणि माझी पिशवी फाटली. सोलापुरात मधल्या मारुतीच्या चौकात, भर बाजाराच्या वेळी, माझे टमाटे रस्ताभर गडगडत गेले. सायकलवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी पदर खोचून एकेक टमाटा उचलू लागले, तेव्हा फुलांच्या दुकानातून एकजण खाली उतरला. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. बोटांना देठांचे हिरवे डाग. त्याने दोन्ही हातांत मावतील तेवढे टमाटे गोळा केले, माझ्याकडे यायला पाऊल टाकलं, आणि ते पाऊल एका टमाट्यावरच पडलं.

तो तसाच थांबला. आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा गेला की," तो म्हणाला.

मला हसायचं नव्हतं. दिवसभर टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडून जोडून घसा बसला होता, मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला उशीर झाला होता. पण त्याचा तो अपराधी चेहरा पाहून हसू आलंच.

"राहू द्या. एकच तर गेलाय."

"तसं कसं?" तो दुकानाकडे वळला आणि शेवंतीचा एक गजरा घेऊन आला. "टमाटा तर परत करता येत न्हाई. हे घ्या."

"मी गजरा माळत नाही."

"मग हातात धरा. हातात धरायला काय हरकत न्हाई की..."

तो गजरा मी हातात धरूनच गेले. आणि हळदीकुंकवाला इतर बायकांनी विचारलं, तेव्हा का कोण जाणे, माळून टाकला.

घरी आम्ही दोघंच, मी आणि आबा. आई जाऊन दोन हिवाळे झाले होते. माझे वडील धोंडीराम मूळचे माळशिरसकडचे. ऐन विशीत पलटणीत भरती झाले आणि थेट इटलीच्या लढाईवर गेले. तिथे पायात गोळी लागली, ते परत आले, गिरणीत पहारेकरी झाले. लढाईबद्दल ते कधीच काही बोलायचे नाहीत. फक्त दरवर्षी टमाटे उतरले की एका रविवारी स्वतः शेगडीपुढे बसायचे आणि तिकडे शिकलेला टमाट्याचा रस्सा करायचे. आई त्याला 'इटलीचं कालवण' म्हणायची आणि आबांची पाठ वळली की हळूच चिमूटभर काळं तिखट टाकायची. आबांना ते कळायचं. पण ते कधी बोलले नाहीत. नुसतं म्हणायचे, "समदं बरोबर हाय, तेवढा पाला न्हाय." तिकडे त्यात कसला तरी पाला घालत. एकदा त्यांनी तुळस घालून पाहिली होती. आई म्हणाली, कालवणाचा काढा झाला.

आई गेल्यावर आबांनी शेगडीला हात लावला नव्हता. त्या दिवशीचे टमाटेही मी नुसते कोशिंबिरीसाठी आणले होते.

मी आत आले तसे बाजेवर पडलेले आबा उठून बसले.

"हौसे, हा वास कशाचा?"

"टमाट्यांचा असेल."

"न्हाय न्हाय. हिकडं ये."

त्यांनी माझ्या केसांतला गजरा काढून घेतला. शेवंतीच्या मधेमधे गुंफलेली हिरवी पानं चुरगळली, नाकाशी धरली... आणि बराच वेळ त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

"ह्योच," ते म्हणाले. "बाशिलिको म्हणायची तिकडची एक म्हातारी. पोरी, ह्यो पाला कुटं मिळाला तुला?"

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी फुलांच्या दुकानापुढे उभी राहिले. तो माळ गुंफत होता. मला बघून त्याचा दोरा निसटला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"आज टमाटे न्हाईत?"

"आज पाला हवाय. कालच्या गजऱ्यात होता तो."

"कामकस्तुरी?" तो हसला. "फुलं सगळेच मागतात. पाला मागणाऱ्या तुमीच पहिल्या. वेणीला?"

"खायला."

त्याचे हात थांबले. "आमी ती देवाला वाहतो, केसात घालतो. खायला कोण सांगितलं तुमाला?"

मी सांगितलं. आबा, इटली, आईचं काळं तिखट, सगळं. कधी नव्हे ते मी इतकं बोलले, तेही फुटपाथवर उभं राहून. तो मान खाली घालून ऐकत होता, पण हातातली फुलं पुढे सरकत नव्हती.

"पाला आमच्या परसात हाय," शेवटी तो म्हणाला. "अव्वानं लावलाय. रविवारी घेऊन येतो. मला बी बघायचंय, माझ्या कामकस्तुरीचं तुमी काय करता ते."

त्याचं नाव शिवपुत्र फुलारी. बाळीवेशीत तो आणि त्याची अव्वा, म्हणजे आई, दोघंच राहत.

रविवारी तो आला तेव्हा आबा शेगडी पेटवून तयार बसले होते. शेजारी कोरं करकरीत मडकं. सकाळी लवकर उठून ते स्वतः कुंभाराकडून घेऊन आले होते.

"ह्यात आजवर कायबी शिजलं न्हाय," आबा त्याला म्हणाले. "आमच्या घरात मटण शिजतं. तू लिंगायताचा. म्हणून म्हटलं, तुझ्यासाठनं नवं असावं."

शिवपुत्र आबांच्या शेजारी मांडी घालून बसला.

टमाटे उकळत्या पाण्यातून काढून आबांनी साली सोलल्या, हातानेच ते कुस्करले. करडईच्या तेलात लसूण टाकली, तिचा रंग बदलू दिला नाही. मग टमाटे, मीठ, आणि मंद निखारा. पाण्याचा थेंब नाही. आबा एकटे ढवळत राहिले. घरभर आंबटगोड वाफ पसरली. आम्ही दोघं पाला निवडत होतो. एका काडीवर दोघांचेही हात गेले, आणि दोघांनीही काढून घेतले... ती काडी बराच वेळ तशीच सुपात पडून राहिली.

"चिरू नगा," आबा म्हणाले. "हातानं तोडायचा. आन अगदी शेवटाला."

पाला पडला आणि वास एकदम बदलला. आबांनी फडताळातून एक डबा काढला. आईने शेवटच्या उन्हाळ्यात वळलेल्या शेवया त्यात होत्या.

"आबा, त्या संपतील."

"खाण्यासाठनंच केल्या हुत्या तिनं," आबा म्हणाले आणि मूठ मूठ करून पाण्यात सोडल्या.

शिवपुत्रने पहिला घास घेतला. शेवयांची खीर सोडून दुसरं काही होऊ शकतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तो चावत राहिला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"थांबा. एवढ्यात सांगता येत न्हाई." त्याने पुन्हा ताट पुढे केलं. "आणखी एकदा बघतो."

आबा हसले. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर माझी घरी यायची वाट मधल्या मारुतीवरूनच जाऊ लागली. तो कागदात पाला बांधून ठेवायचा. कधी त्यात एखादं अबोलीचं फूल असायचं.

"हे चुकून आलं वाटतं," मी म्हणायचे.

"आमच्या दुकानात चुकून काय येत न्हाई."

माघ संपला, ऊन तापायला लागलं. एक दिवस त्याने पुडी दिली, पण ती सोडली नाही. पुडीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"एक सांगायचं होतं. दुधनीला माझा मामा हाय. त्याची पोरगी... अव्वानं लहानपणीच बोलून ठेवलंय. आता मामाचा निरोप आलाय, यंदा उरकून घेऊ म्हणून."

बाजाराचा सगळा आवाज लांब गेल्यासारखा झाला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"अजून काय बोललो न्हाई."

"का?"

"अव्वाला दुसरं कोण हाय? तिचं मन मोडायचं म्हणजे..."

मी पुडी सोडून दिली. "मन कुणाचं तरी मोडणारच आहे. कुणाचं, ते तुम्हीच ठरवा. ठरलं की सांगा. तोवर मी इकडून येणार नाही."

मी ताठ मानेने निघाले. कन्ना चौकापर्यंत मान ताठच होती. पुढे नीट दिसेना, म्हणून पदर डोळ्यांना लावला.

मग मी लांबच्या वाटेने येऊ लागले. आबांनी पाल्याचं विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "पोरगं बरं हुतं," आणि कूस बदलली.

पंधरवडा उलटला असेल. रविवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळभर विभूती, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. बाळीवेशीपासून उन्हातून चालत आलेली.

"मी निंगव्वा. शिवाची आई."

मी पाणी आणलं. तिने तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायली नाही.

"माझा पोरगा भांडला असता तर काय करायचं ते मला कळलं असतं," ती आबांना म्हणाली. "भांडत न्हाई. 'अव्वा, दुधनीला मी करणार न्हाई, तुला दुखवून दुसरीकडे बी करणार न्हाई,' एवढं बोलला. तवापासून गप जेवतो, गप उठतो. म्हटलं बघून तरी यावं. देवाचा पाला कुणाच्या चुलीवर जातोय ते."

म्हणजे तो बोलला होता.

आबांनी कोपऱ्यातलं मडकं उचलून तिच्यापुढे ठेवलं. "ह्यात जातोय. दुसरं कायबी ह्यात शिजत न्हाय."

निंगव्वाने मडकं आतून पाहिलं, वास घेतला. "हे कोण शिकवलं तुमाला?"

आणि आबा बोलू लागले. मला कधी सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला सांगू लागले.

"पलटण एका खेड्यात थांबली हुती. आमी शत्रूच की त्यांचे. लोक दारं लावून घ्यायचे. एक म्हातारी अंगणात टमाटे शिजवत हुती. तिनं मला खुणेनं बोलावलं आन वाडगा पुढं केला. मी भ्यालो, म्हटलं विष असंल. तर तिनं आधी सोता खाल्लं. मग एक फोटू दाखवला. तिचा पोरगा. बोट माझ्याकडं केलं आन म्हणाली, इंदिया, इंदिया. मला काय कळंना. मग तिनं मनगटं एकावर एक धरून दावली. पोरगा कैदी हुता. आपल्या देशात, आपल्या तुरुंगात. ती मला रोज जेवाय घालायची. म्हणजे तिकडं तिच्या पोराला बी कोणतरी घालंल, असं तिच्या मनात."

निंगव्वाने विचारलं, "पोरगा घरी आला तिचा?"

"ठावं न्हाय. मला गोळी लागली, दवाखान्यात नेलं. म्हातारीला सांगायचं बी ऱ्हायलं. दरवर्षी हे करतो तवा तेच मनात येतं. आला असंल का."

निंगव्वाने तांब्यातलं पाणी सगळं पिऊन टाकलं. मग माझ्याकडे वळली.

"हिकडं ये, यव्वा. आमच्यात मांस चालत न्हाई. सोडशील?"

"सोडेन. पण आबांना आवडतं. मी माहेरी आले की त्यांना करून वाढणार. ते मात्र सोडणार नाही."

मी बोलून गेले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. निंगव्वा मला निरखत होती.

"समदं सोडीन म्हणाली असतीस तर आत्ता उठून गेले असते," ती म्हणाली. "बापाला उपाशी ठेवणारी माझ्या काय कामाची? करून वाढ. आंघोळ करून घरी ये." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "दुधनीला मी स्वता जाते. भाऊ माझाच हाय. रागवील, मग जेवील."

दारापर्यंत गेल्यावर ती थांबली. "पोरगं तिकडं बोळाच्या तोंडाला उभं हाय उन्हात. माझ्या मागं मागं आलंय, मला दिसत न्हाई असं वाटतं त्याला. सांग त्याला काय झालं ते. मी जरा तुमचं कालवण कसं करतात ते विचारते."

मी अनवाणीच धावले. बोळाच्या तोंडाशी कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत तो उभा होता. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मला बघताच सरळ झाला.

"अव्वा काय बोलली?"

"पुष्कळ बोलली."

"म्हणजे?"

"तुम्ही आधी सांगा. ठरलं की सांगा म्हटलं होतं मी. तुम्ही आईला सांगितलंत, मला कुठे सांगितलंत?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. बोळात एक शेळी सोडली तर कुणी नव्हतं. कान लाल झाले त्याचे.

"मराठीत न्हाई येत मला असलं," तो पुटपुटला.

"मग ज्या भाषेत येतं त्या भाषेत सांगा."

त्याने खाली मान घातली आणि अगदी हळू, मला ऐकू येऊ नये इतक्या हळू म्हणाला, "ननग नी बेकु..."

मग मला कळलं नसणार अशा समजुतीने सुटल्यासारखा हसला. "म्हणजे... ते काय की... सांगतो कधीतरी."

मी सोलापुरात वाढलेली मुलगी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी ऑपरेटर अक्कलकोटची. मला हवी आहेस तू, एवढं कानडी मला कळत होतं. आणि उत्तर देण्यापुरतं येतही होतं.

"ननगू नी बेकु," मी म्हणाले. मलाही तू.

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. आणि मीही, पहिल्यांदाच, नजर खाली न घालता त्याच्याकडे बघत राहिले.