न झिजलेला टंका

हुलसूरचे गुंडेराव कापडाचे व्यापारी, पण त्यांचा जीव जुन्या चांदीच्या नाण्यांत. निजामाच्या राज्यात हाली रुपया चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. बहामनी सुलतानांचा टंका कुणी पुढ्यात ठेवला, की गुंडेराव भिंग लावून तासभर निरखत बसत. मग ते सांगतील ते खरं, असा साऱ्या भागात त्यांचा शब्द.

चैत्रातल्या एका दुपारी ते खटकचिंचोळीला बाणूबाईच्या घरी गेले. तिचा नवरा सिद्धाप्पा धनगर. विहीर खणताना त्याला एक टंका सापडला होता. तो इतका नवा दिसे, की गावानं सिद्धाप्पालाच खोटी नाणी पाडणारा ठरवलं. लेकीची सोयरीक मोडली, आणि त्याच झुरणीत तो गेला.

"विकायचं न्हाई, अण्णा," बाणूबाई म्हणाली. "खरं का खोटं तेवढं सांगा. पोरीला पुन्हा बघायला यायलेत."

तिनं लोकरीच्या चिंधीतून टंका काढला. गुंडेरावांनी तो कडेला धरून उचलला आणि भिंगाखाली नेला. पाचशे वर्षांची चांदी, पण अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या. कुणाच्या मुठीत, कुणाच्या कमरेला हे नाणं जणू कधी गेलंच नव्हतं. आणि ते कोमट होतं.

"उन्हात ठेवलं होतं का, अक्का?"

"न्हाई. ते तसंच ऱ्हातंय."

काट्यात वजन बरोबर भरलं. गुंडेरावांनी कनवटीचा स्वतःचा टंका काढला. झिजून पार सपाट झालेला, पण एका अक्षराखाली केसासारखी रेघ अजून दिसायची. टाकसाळीतल्या ठशालाच तडा गेला होता, त्याची ती खूण. तीच रेघ, त्याच जागी, बाणूबाईच्या टंक्यावर होती.

"खरा आहे, अक्का!" त्यांचे डोळे भरून आले. "एकाच ठशातले हे दोघं."

त्यांनी दोन्ही टंके घोंगडीवर शेजारी ठेवले. तेवढ्यात जमिनीखाली काहीतरी दणकलं. थांबून पुन्हा... लोखंडावर घण पडावा तसं. कोपऱ्यातला तांब्या थरथरला.

"हे... काय?"

"विहिरीकडून यायलंय," ती कुजबुजली. "बोलू नका..."

तिसरा घाव पडला आणि सगळं शांत झालं. तापल्या धातूचा वास खोलीभर पसरला. गुंडेरावांनी खाली पाहिलं. घोंगडीवर दोन टंके होते, दोन्ही कोरे करकरीत! तीस वर्षं जपलेलं आपलं सपाट नाणं यातलं कोणतं, हे त्यांना ओळखता येईना. अंगावर काटा आला, पण उठून पळावंसं वाटलं नाही. देवाच्या गाभाऱ्यात जोडावेत तसे त्यांचे हात जोडले गेले.

बऱ्याच वेळानं त्यांनी दोन्ही टंके अंगठ्यानं चाचपले. मग कागदावर लिहिलं, 'सिद्धाप्पाचा टंका अस्सल आहे,' आणि खाली सही केली. याच कागदावर पुढं लेकीचं लग्न जमलं.

"अंगठाबी उठवा, अण्णा. गावाला सही कळत न्हाई."

गुंडेरावांनी शाईत अंगठा बुडवून दाबला. उचलून पाहिलं. पुसून पुन्हा दाबला. कागदावर नुसता गुळगुळीत काळा डाग उठला, झिजलेल्या टंक्यासारखा. त्यात एकही रेघ नव्हती.

बाणूबाईनं शाईवर हलकेच फुंकर घातली.

"ह्यांचाबी असाच उठायचा," ती म्हणाली.