सावलीचा उजवा हात

सुज्ञ वाचकहो, पुढे जो वृत्तांत सादर करीत आहे तो कल्पनेचा खेळ नव्हे. तो ज्याच्यावर गुदरला त्याच्याच मुखातून मी तो ऐकला. ज्या सिनेमा कंपनीत तो घडला, तिथे मी सुतार होतो. तिचे लाकडी राजवाडे या हातांनी ठोकले आहेत.

स्थळ रंगून. साल एकोणीसशे चौतीस. ऐन उन्हाळा.

वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

कंपनीचे कॅमेरामन ऊ शान बा; ‘ऊ’ म्हणजे तिकडचे ‘श्रीयुत’. सगळे त्यांना ‘सया’ म्हणत, म्हणजे गुरुजी. कंपनीचा जवळजवळ प्रत्येक मूकपट त्यांनीच टिपलेला. सकाळी पौराणिक, दुपारी प्रेमकथा. उजव्या हाताने कॅमेऱ्याचे हँडल फिरवायचे आणि वेग ढळू नये म्हणून एकच संथ चाल गुणगुणायची. वर्षानुवर्षे असे चालले. अखेरीस तो हात इतका बधिर झाला की चिरुटाचा निखारा बोटाला लागला तरी त्यांना कळत नसे.

त्यांचा शिष्य को थेन. त्याला त्यांनी दोनच नियम घालून दिले होते. कॅमेरावाल्याची सावली चित्रात पडता कामा नये. आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत हात थांबता कामा नये.

त्या दुपारी तळ्याकाठी राजकुमारीच्या निरोपाचा प्रसंग चालला होता. सया हँडल फिरवीत होते.

गुणगुणणे थांबले...

मग गुडघे वाकले.

सारे धावले. को थेन आधी पोचला. सयांचा श्वास संपला होता. उजवा हात मात्र हवेत फिरतच होता...

को थेनने तो धरला, तेव्हा कुठे थांबला.

सातव्या दिवशी भिक्षूंना भोजन झाले. कंपनीचे मालक ऊ चो, तेच दिग्दर्शकही, दफनभूमीत जाऊन रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाले, “सया, तुमची नोकरी संपली. आम्ही तुम्हाला मोकळं केलं. आता कामावर येऊ नका.”

हे सांगावेच लागते. न सांगितले तर मेलेला माणूस कामावर येत राहतो.

को थेनच्या हाती नवा कॅमेरा आला. विजेच्या मोटरचा. त्याला हँडलच नव्हते.

पहिले रीळ धुऊन निघाले. पडद्यावर राजकुमारी आली, आणि तिच्या पायाशी, गवतावर, एका माणसाची सावली.

“अरे थेन,” मालक कडाडले, “राजकुमारीच्या पायाशी हा कोण हजाम उभा केलायस?”

“मालक, माझं तोंड सूर्याकडे होतं. माझी सावली माझ्या पाठीमागे पडणार.”

“मग ही काय तुझ्या सासऱ्याची?”

फिल्मच्या पट्ट्या जोडायला मा न्युन बसत असे. ती सयांची मुलगी. ती खालच्या आवाजात म्हणाली, “हात बघा.”

सावलीचा उजवा हात फिरत होता. संथ. गोल... गोल...



मालकांना भीतीपेक्षा रागच सोपा वाटला. “पावसाआधी चित्र पुरं झालं नाही तर कंपनीला कुलूप लागेल. उद्याच्या रिळात ही सावली दिसली, तर तू तुझ्या गावी जा आणि म्हशी राख!”

दुसऱ्या दिवशी को थेनने कॅमेरा चिंचेच्या दाट सावलीत लावला. आभाळही भरून आले होते. कोणाचीच सावली पडत नव्हती.

मोटर सुरू झाली. तिच्या घरघरीखाली त्याला काहीतरी ऐकू आले...

तीच संथ चाल.

रीळ मालकांना दाखवण्यापूर्वी त्याने ते मा न्युनसह पाहिले. सावली होती. कालच्यापेक्षा गडद.

मा न्युनने तो भाग कापला आणि पत्र्याच्या डब्यात ठेवला. डब्यात कालचाही तुकडा होता.

“बाबांनी जन्मभर लोकांचे चेहरे टिपले,” ती म्हणाली. “घरात त्यांचा एक फोटो नाही. हे माझ्याकडे राहू दे.”

बाजारातल्या मासळीचा भाव सांगावा, तशा आवाजात ती बोलत होती. को थेनलाही रडू येत नव्हते. आतून लाकूड झाल्यासारखे वाटत होते.

“मालकांनी त्यांना मोकळं केलं ना?” त्याने विचारले.

“केलं की. सगळ्यांसमोर.”

“मालक म्हणून केलं... पण त्या दुपारी दिग्दर्शक म्हणून ‘कट’ म्हटलं का ग त्यांनी? आपण सगळे नुसते धावलो.”

मा न्युनने डबा जवळ ओढला.

“म्हटलं तर बाबा जातील.”

“हो.”

“मग म्हणायला सांग.”

दुसऱ्या दुपारी तळ्याकाठी, त्याच जागी, को थेनने सयांचा जुना कॅमेरा तिवईवर चढवला. राजकुमारी समोर उभी राहिली. कॅमेऱ्यापाशी कोणीही नव्हते. हँडल वर होते.

“वेड लागलंय तुला,” मालक पुटपुटले. पण त्यांनी हात उंचावला.

“कट!”

हँडल अर्धा फेरा फिरून खाली आले... आणि थांबले.

वारा नव्हता. तळ्यात तरंगही नव्हता.

त्यापुढची सारी रिळे स्वच्छ निघाली. चित्र पुरे झाले. को थेनची नोकरी राहिली.

मा न्युनने डबा उघडून ते तुकडे उजेडात धरले. गवत होते. राजकुमारीचे पाय होते. एवढेच. तिने झाकण लावले.

“गेले,” ती म्हणाली, आणि पुढची पट्टी जोडायला बसली.

पुष्कळ वर्षांनी चहाच्या दुकानात को थेनने मला हे सारे सांगितले. सांगताना त्याच्या बोटांत चिरूट होता. निखारा कातडीला टेकला होता. वास येत होता. त्याला पत्ता नव्हता.

आणि ज्या हाताने त्याने सयांचा फिरता हात धरला होता, तो उजवा हात मेजाच्या कडेशी फिरत होता. संथ. गोल... गोल...

“को थेन, हात...”

“कुठला हात?” त्याने विचारले.

मला काय सुचले कोण जाणे. मी हलकेच म्हणालो, “कट.”

हात थांबला.

को थेनने मान वळवली नाही. चहाचा घोट घेतला.

मी निःश्वास टाकणार, एवढ्यात त्याने गुणगुणायला सुरुवात केली... आणि हात पुन्हा फिरू लागला.

मी दिग्दर्शक नव्हे, सुतार आहे. माझ्या शब्दाने एवढेच झाले. मालक ऊ चो केव्हाच वारले होते. आता को थेनला ‘कट’ कोण म्हणणार, हे मला अद्याप उमगलेले नाही.

वाचकांनी शेवटपर्यंत सोबत केली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
धोंडीराम बाबाजी मेस्त्री