चिखलोलीच्या माळावरचा पंखा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे घडलेलं आहे. माझे चिंतामणीकाका थापा मारणारे नव्हते. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ही त्याच खोट्याची हकीकत.

मार्च १९५५. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधला चिखलोलीचा माळ. वेळ भर दुपारची.

काका विमानांचे इंजिनियर. माळावरच्या एका शेडमध्ये जुनी इंजिनं दुरुस्त करून चालवून बघत. पेट्रोल चढावं म्हणून इंजिनाच्या तोंडावरचा पंखा आधी हाताने फिरवावा लागे. पंख्यापाशी उभा असलेला माणूस विचारी, "स्विच बंद?" इंजिनामागे स्विचपाशी बसलेल्या काकांनी डोळ्यांनी बघून "बंद" म्हणायचं. मगच त्याने पंख्याला हात लावायचा.

त्या जानेवारीत पंख्यावर असलेल्या, जवळच्या शिरगावच्या सुकऱ्याने असंच विचारलं. काका कागदात डोकं घालून बसले होते. न बघताच म्हणाले, "बंद."

स्विच चालू होता.

हात लागताच इंजिन पेटलं, पंखा गरकन फिरला आणि सुकऱ्या जागीच गेला.

चौकशीत काकांनी सांगितलं, त्याने विचारलंच नाही. बंगलोरला विमानं बांधायच्या कामावर त्यांची निवड झाली होती, ती घालवायची नव्हती. मेलेल्या माणसाच्या माथी चूक मारली. मला आजही त्यांचा राग येतो.

तर, मार्चमधली ती दुपार. पंख्यावर आता वाळू नावाचा नवा माणूस होता. काकांनी स्विच बंद केला.

"स्विच बंद?"

"बंद."

पुन्हा आवाज आला.

"सायेब, बघून सांगा."

काकांनी बघितलं. स्विच चालू होता...

त्यांनी तो पुन्हा बंद केला. बोट तसंच दाबून धरलं. "वाळू, बघून सांगतोय रे. बंद आहे."

पंखा काही फिरला नाही.

काका पुढे गेले. पंख्यापाशी कुणीच नव्हतं. वाळू लांब विहिरीवर पाणी पीत होता.

"मी कवाचा हितंच हाय, सायेब," तो म्हणाला.

मागे पंखा हळूच अर्धा फिरला... वारा अजिबात नव्हता.

काका तसेच शिरगावला गेले. सुकऱ्याची बायको भिकी दारात तांदूळ पाखडत होती. नवऱ्याच्या येडेपणावरून तिने दोन महिने गावाची बोलणी खाल्ली होती.

"भिकीबाई, त्याने विचारलं होतं. मीच बघितलं नाही. उद्या तसं लिहून देतो."

तिचं सूप थांबलं नाही.

"ठावं हाय. दुपारी जेवाया येतो तवा तोच सांगतो."

काकांनी आत बघितलं. चुलीपाशी दोन ताटल्या होत्या... दोन्हींतला भात अर्धा संपलेला.

काकांनी लिहून दिलं. बंगलोर गेलं, नोकरीही गेली. महिन्याभराने ते पुन्हा शिरगावला गेले. चुलीपाशी एकच ताटली होती, आणि भिकी रडत होती.

"आता तो येत नाय," ती म्हणाली. "लिवून कशाला दिलात, सायेब?"