डाव्या हाताचे ठोके

नदीकडच्या रस्त्यावर माझी स्कूटी पंक्चर झाली नसती, तर समाधान मला वाळू भरताना सापडला नसता. भर दुपारी तो काठावर उकिडवा बसून पिठाच्या चाळणीने वाळू चाळत होता. चाळलेली बारीक वाळू मुठीमुठीने एका चामड्याच्या पिशवीत भरत होता. आमच्याकडे वाळू चोरायला लोक हायवा ट्रक घेऊन येतात. चाळणी घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि म्हणूनच मला जास्त संशय आला.

मी गावची पोलीस पाटील. तलवाड्याच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे, पण उचापती मोठ्या गावाला पुरून उरतील एवढ्या. संशय घेणं हे माझं काम, आणि आईच्या मते माझा स्वभावसुद्धा. आलेली सगळी स्थळं मी या स्वभावापायीच परत पाठवली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

"कुठले तुमी?" मी दरडावून विचारलं.

तो उठला, हात झटकले. "सिरसाळ्याचा. समाधान माझं नाव. जय भीम, मॅडम."

"जय भीम. वाळू कावून भरायलाव?"

"उशी करायची हाय."

"वाळूची उशी?"

"माझ्यासाठी न्हाई… पत्र्यासाठी," असं म्हणून तो हसला.

जय भीम म्हटलं की लगेच विश्वास टाकायचा, इतकी मी भोळी नाही. त्यातून तो हसला होता. मग त्याने न सांगता माझी स्कूटी गावापर्यंत ढकलत आणली, आणि वाटेत ना माझं नाव विचारलं, ना नंबर मागितला. इतकं सरळ कोण वागतं? आणखी एक. गावात मला म्हातारी माणसंसुद्धा ताई म्हणतात. हा एकटाच मॅडम म्हणाला होता. तेही मी ध्यानात ठेवलं.

बुद्धविहारामागचं कारभारीमामांचं सरकीचं जुनं शेड त्यानेच भाड्याने घेतलंय, हे मला गावात शिरताना कळलं. पोलीस पाटलाच्या कानावर न घालता गावात भाडेकरू आणला म्हणून मामांना मी चार शब्द सुनावले. त्यानंतर बातम्या आपल्या पायाने माझ्या दारात यायला लागल्या. शेडावर ताडपत्री बांधलेला टेम्पो आला होता. दार कायम अर्धं लावलेलं असतं. दिवसभर आतून ठकठक चालते. आणि दुकानवाली छबुबाई तर माझ्या कानाशी लागून म्हणाली, की हा सडाफटिंग माणूस कपडे धुवायच्या साबणाच्या वड्यावर वड्या नेतो, अन् अंगातला सदरा बघावा तर काळाकुट्ट.

मी सरळ शेडात शिरले.

आत लाकडी फळ्यांचा एक सांगाडा होता आणि त्याच्यावर अर्धी चढलेली गाडी. लांब नाक, गोल खांदे, जेमतेम दोन माणसांची जागा, डोक्यावर छप्पर नाही. रंग नाही, इंजिन नाही, चाकं नाहीत. नुसता उघडा, चकचकीत पत्रा. पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन तिच्यावरून असं घरंगळत होतं की मी क्षणभर बघतच राहिले. मग मला माझं काम आठवलं.

"नंबर कुठाय हिचा?"

"अजून जन्मलीच न्हाई, मॅडम. नंबर कुठून आणू?"

मग त्याने सगळं सांगितलं. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडे फार जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आहे. तिचं इंजिन आणि खालचा सांगाडा शाबूत, पण वरचं अंग सडून गेलेलं. अशा गाडीचा पत्रा कुठे विकत मिळत नाही. तो अ‍ॅल्युमिनियमच्या कोऱ्या पत्र्यातून हाताने ठोकून, लाकडी साच्यावर बसवून घडवावा लागतो. समाधान हे पुण्यात एका उस्तादाच्या हाताखाली शिकला होता आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम होतं. हे बिघडलं असतं तर दुसरं कुणी दिलं नसतं. शहरात ठोकाठोकीला शेजारी भांडतात, म्हणून तो इकडे आला होता.

मी म्हटलं, काम करतानाचे फोटो दाखवा. तर फोटो काढायचे नाहीत आणि प्रदर्शनात उतरेपर्यंत गाडी कुणाला दाखवायची नाही, ही म्हणे मालकाची अट. म्हणजे गोष्ट अगदी झकास आणि पुरावा शून्य. त्याच्या देखतच मी हवालदार बद्रीनाथांना फोन लावला आणि गावात एक अनोळखी इसम अन् विनानंबरची गाडी आहे, येऊन बघून जा, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, येतो. समाधानला राग यायला हवा होता. त्याने फक्त विचारलं, "चहा टाकू का?"

घरी येऊन मी सिरसाळ्याच्या पोलीस पाटलांनाही फोन केला आणि याची मुळापासून चौकशी केली. जे कळलं ते सगळं चांगलंच निघालं. त्याने तर मी आणखीनच बेचैन झाले.

बद्रीनाथ काही आले नाहीत. आधी कपिलधारच्या यात्रेचा बंदोबस्त निघाला, मग निवडणुकीचा. इकडे माझ्या संशयाने मात्र गावात चोख काम केलं होतं. शेडाकडे कुणी फिरकेना. शेवटी एका दुपारी समाधानच आमच्या दाराशी उभा राहिला. पुढच्या झाकणाचा पत्रा मोठा होता. पत्र्याला गोलाई देणाऱ्या यंत्राच्या दोन चाकांमधून तो मागेपुढे फिरवताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं, आणि मजुरीलासुद्धा कुणी यायला तयार नव्हतं.

"तुमीच समद्याला भेवून ठिवलंय," तो म्हणाला. "आता टोक बी तुमीच धरा."

मी गेले. त्याच्यावर नजर ठेवायला चालले, असं आईला सांगितलं. आईने फक्त माझ्या नव्या ओढणीकडे बघितलं.

मग रोज दुपारी नजर ठेवणं आलंच. साबणाचा उलगडा पहिल्याच आठवड्यात झाला. तो पत्र्यावर साबण घासायचा आणि खालून गॅसची ज्योत फिरवायचा. साबण काळा पडला की थांबायचा.

"लोखंड तापलं की लाल होऊन सांगतंय," तो म्हणाला. "हे काहीच सांगत न्हाई. वरून थंडगार दिसतंय… आन् एकदम ढासळतंय. साबण काळा झाला की समजायचं, आता मऊ आलं, आता ऐकंल."

"हे मला म्हणताय का?"

"पत्र्याला म्हणतोय, मॅडम."

तो सरळ माझ्याकडे कधी बघायचा नाही. पत्र्यात पडलेल्या माझ्याकडे बघायचा. हेही मला संशयास्पदच वाटलं आणि एकदा मी ते बोलून दाखवलं. तर म्हणाला, पत्रा सपाट झाला का नाही हे त्याच्यात पडलेल्या प्रतिमेवरून कळतं. सुरुवातीला माझं नाक कानाला लागलेलं दिसत होतं, आता बरंच जागेवर आलंय. "तुमचं तोंड सरळ दिसलं… की काम झालं." मी त्याला म्हटलं, मग तुमचं स्वतःचं तोंड बघा की. त्यावर तो म्हणाला की त्याला एवढा हुरूप येत नाही.

एकदा त्याने गंमत म्हणून लाकडी हातोडा माझ्यापुढे धरला. मी डावखुरी. शाळेत बाईंनी माझ्या डाव्या हातावर पट्ट्या मारल्या, आई अजून वाढताना हात बदलायला लावते. मी सवयीने हातोडा उजव्या हातात घेतला आणि पत्र्याला भलतीकडेच मारला. समाधानने माझा हात बदलला नाही. त्याने पत्र्याखालची वाळूची उशी उचलली आणि फिरून माझ्या डाव्या बाजूला ठेवली.

"आता मारा," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. पण माझ्या आयुष्यात माझा हात सोडून उशी बदलणारा हा पहिला माणूस होता. मला तो आवडायला लागला होता. आणि तेव्हापासून मला स्वतःचाच संशय यायला लागला.

गाडीच्या डाव्या मडगार्डचा पुढचा भाग आम्ही दोघांनी मिळून ठोकला. त्याच्या हातोड्याची कड पत्र्यात छोटी चंद्रकोर उठवायची, तिची पाठ उजवीकडे. माझ्या चंद्रकोरींची पाठ डावीकडे. बाहेरून घासून सगळं एकजीव झालं. आतून मात्र कुणाचे ठोके कुठले, हे आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. आतलेसुद्धा नंतर पुसून टाकतो, असं तो म्हणाला होता.

बद्रीनाथांना फोन करून आता येऊ नका असं सांगावं, हे किती वेळा मनात आलं. पण का येऊ नका, याचं उत्तर पोलीस पाटील म्हणून माझ्याकडे नव्हतं, आणि दुसरं जे उत्तर होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा मी गप्प बसले. वाटलं, विसरले असतील.

ते विसरले नव्हते. गाडीचं अंग पूर्ण झालं, टेम्पो दाराशी लागला, आणि त्याच सकाळी बद्रीनाथांची जीप शेडापुढे थांबली. पुण्याकडे कुठे तरी एक जुनी गाडी चोरीला गेल्याचा निरोप फिरत होता, आणि त्यांना माझा फोन आठवला होता. बघता बघता अर्धं गाव गोळा झालं. समाधानने मालकाला फोन लावला. मालक विमानात होता, फोन बंद. बद्रीनाथांनी कामाचे कागद बघितले आणि म्हणाले की कागद कुणीही छापून आणतो. गाडी ठाण्यात जाईल, मालक येऊन सोडवून नेईल.

ठाण्याचं आवार मी बघितलेलं आहे. जप्त केलेले ट्रॅक्टर, मोडक्या मोटारसायकली, आणि वरून धूळ. तिथे या उघड्या पत्र्याला एक धक्का लागला असता तर त्याचे सगळे महिने मातीत गेले असते. समाधानचा चेहरा उतरला. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी पत्र्यात नाही, सरळ माझ्याकडे. वाटलं, आता हा म्हणेल, यांना विचारा, या रोज इथेच असतात. पण तो काही बोलला नाही. गावासमोर माझं नाव निघू नये म्हणून तो स्वतःची गाडी जाऊ देत होता. एखाद्याच्या गप्प बसण्याचा मला संशय आला नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

"गाडी हितंच बनली, हवालदारसाहेब," मी म्हणाले. "मी बनताना बघितलीय."

"ताई, फोन तर तुमीच केलता."

"केलता. तवा अर्धीच झालती."

"बघितली म्हंजे, दारातून बघितली?"

गर्दीत आई उभी होती. तिच्या शेजारी छबुबाई.

"बघितली न्हाई… ठोकलीय. मी सोता ठोकलीय."

आत काय दिसेल ते आधीच सांगून मी त्यांना टॉर्च घेऊन डाव्या मडगार्डच्या आत बघायला लावलं. ठोके मी सांगितले होते तसेच निघाले, एका जागेपर्यंत पाठ उजवीकडे आणि तिथून पुढे डावीकडे. मग मी वाळूची उशी डाव्या बाजूला ओढली, पत्र्याचा एक टाकाऊ तुकडा तिच्यावर ठेवला आणि सगळ्या गावासमोर डाव्या हाताने ठोके घातले. बद्रीनाथांनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं, मग मडगार्डच्या आतून. पुन्हा तुकड्यावरून.

"हे काय एका दिवसाचं काम दिसंना, ताई," ते म्हणाले.

"न्हाई. रोज दुपारी येत होते मी."

बद्रीनाथांनी माझ्याकडे, मग समाधानकडे, आणि मग आईकडे बघितलं. नंतर टॉर्च बंद करून, मालकाचा फोन लागला की मला कळवा, एवढं सांगून ते जीपमध्ये जाऊन बसले. छबुबाई आईला म्हणाली की साबणाचं तिला आधीपासूनच माहीत होतं. आई मात्र तडक घरी गेली. जाताना तिने पदर तोंडाला लावला होता, पण ती रडत नव्हती, हसू लपवत होती, हे मी ओळखलं.

गर्दी पांगली. गाडी टेम्पोत चढली. आम्ही दोघं ताडपत्री ओढत होतो.

"ते ठोके पुसणार होतात तुमी," मी म्हणाले.

"व्हतो."

"मग?"

"हात धजला न्हाई." तो दोरीची गाठ मारत राहिला. "मडगार्डाच्या आत कुणी बघत न्हाई. पर गाडी लांब चालली… म्हणलं, तुमचं काईतरी तिच्यात ऱ्हावं."

मी ताडपत्रीची नसलेली सुरकुती काढत बसले. माझ्यासारखीला हे नवीनच होतं.

"मी माघारी येनार हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा साचा घिऊन. आन्… आई-आण्णाला बी घिऊन येऊ का? तुमच्या घरी?" मग घाईघाईने म्हणाला, "तुमी आधी चौकशी करा. सिरसाळ्यात कुणालाबी इचारा."

"चौकशी कवाच झालीय. वाळू भरताना सापडले त्याच हप्त्यात."

"काय कळलं?"

"घरचे चांगले हायत. तंबाखू न्हाई, दारू न्हाई. आईला लई जपतो." मी ताडपत्रीकडे बघत उरलेलं सांगितलं. "लग्न झालेलं न्हाई."

त्याचे हात गाठीवरच थांबले. "वाळूच्या चौकशीत हे बी इचारतेत?"

"मी इचारते."

तो कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिला. तसं मी चोरांकडे बघते.

"मॅडम," तो म्हणाला, "आता मला संशय यायलाय."

"येऊ द्या," मी म्हणाले, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.